गाठीचा जनुकीय रिपोर्ट: ब्लॉक मिळवण्यापासून गोळी सुरू होईपर्यंत

माझ्या वडिलांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. त्यांच्या गाठीची जनुकीय तपासणी करायची असं ठरलं, तेव्हा ती नेमकी कशाची, कुठल्या नमुन्यावर होते, किती थांबावं लागतं आणि हाती आलेला रिपोर्ट वाचायचा कसा, यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला हेही कळत नव्हतं. ज्यांच्या घरात आत्ता हे चालू आहे त्यांच्यासाठी घडलं तसं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

बाबांच्या लघवीत पहिल्यांदा रक्त दिसलं फेब्रुवारी २०२२मध्ये. दुखणं नाही, जळजळ नाही, ताप नाही. जंतुसंसर्ग समजून गोळ्या दिल्या गेल्या, रक्त थांबलं आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो. पण या आजारात रक्त असंच येतं आणि जातं, ते थांबलं म्हणजे कारण गेलं असं होत नाही. एप्रिलमध्ये पुन्हा लाल लघवी झाली तेव्हा मी सोनोग्राफीचा हट्ट धरला. उजव्या बाजूला गाठ दिसली. महिनाअखेरीला दुर्बिणीतून ती खरवडून काढली.

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर लिहिलं होतं: युरोथेलियल कार्सिनोमा, हाय ग्रेड, पीटी१. म्हणजे मूत्राशयाच्या अस्तरातला कॅन्सर, पेशी आक्रमक, अस्तराखालच्या थरापर्यंत गेलेल्या, पण स्नायूत शिरलेल्या दिसत नाहीत. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, नमुन्यात स्नायू आढळला नाही. तुमच्या हातात असा रिपोर्ट असेल तर ही ओळ आहे का ते आधी बघा. स्नायूच आलेला नसेल तर कॅन्सर त्यात शिरला की नाही हे कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच शस्त्रक्रिया पुन्हा करतात. बाबांची जूनमध्ये झाली. या वेळी स्नायू आला, आणि तो स्वच्छ होता.

मग बीसीजी. क्षयाविरुद्ध टोचतात तीच लस, इथे नळीवाटे मूत्राशयात सोडतात. आधी सहा आठवडे दर आठवड्याला, मग ठरावीक महिन्यांनी तीन-तीन मात्रा. औषध दोन तास आत धरून ठेवायचं असतं. त्यानंतरचे सहा तास लघवी बसूनच करायची आणि प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच टाकून थोडा वेळ थांबून मगच पाणी सोडायचं. बाबांनी हे सगळं विनातक्रार केलं. त्यांना खरा त्रास व्हायचा तो दर तीन महिन्यांनी लघवीच्या मार्गाने आत घालतात त्या दुर्बिणीचा. आदल्या रात्री त्यांना झोप लागायची नाही.

त्यामुळे मी डॉक्टरांना विचारलं, दुर्बिणीऐवजी नुसती लघवी तपासून चालणार नाही का? या प्रश्नामुळेच आमची जनुकांशी पहिली ओळख झाली. मूत्राशयाच्या अस्तराच्या पेशी झडून लघवीत येत असतात, त्यात कॅन्सरच्याही असतात. सायटॉलॉजीत पेशींचं रूप बघतात. फिश नावाच्या तपासणीत पेशीतली गुणसूत्रं रंगवतात: ३, ७ आणि १७ क्रमांकाची जास्त झाली आहेत का, आणि ९व्याचा एक ठरावीक तुकडा गळाला आहे का. ९व्या गुणसूत्राची झीज या कॅन्सरमध्ये फार लवकर सुरू होते, आणि त्या तुकड्यावर पेशींची वाढ रोखणारं सीडीकेएन२ए नावाचं जनुक असतं. तिसरा प्रकार मिथायलेशनच्या तपासण्यांचा.

मिथायलेशन मला समजायला वेळ लागला. म्युटेशनमध्ये डीएनएचं अक्षरच बदलतं. इथे अक्षरं तीच राहतात, पण त्यातल्या ‘सी’ या अक्षरावर मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट येऊन बसतो. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीने बसले की पेशीला ते जनुक वाचता येत नाही. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा असावा पण पानं एकमेकांना चिकटलेली असावीत, तसं. वाढ रोखणारी चांगली जनुकं अशी बंद पडतात. रचना न बिघडवता होणाऱ्या अशा बदलांना एपिजेनेटिक बदल म्हणतात. ट्विस्ट१, वनकट२, ओटीएक्स१ अशा काही जनुकांवरच्या या खुणा लघवीतल्या पेशींमध्ये ओळखता येतात, आणि त्यावर तपासण्या तयार झालेल्या आहेत. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं: या तपासण्या दुर्बिणीच्या जोडीला, तिच्या जागी नाहीत. लहान, सौम्य गाठी त्यांच्यातून निसटू शकतात.

बाबांच्या बाबतीत ती जोड कामाला आली. जुलै २०२३च्या दुर्बिणीत मूत्राशय स्वच्छ दिसलं. बीसीजीमुळे अस्तर सुजलेलं असतं, त्यामुळे सायटॉलॉजीचा निकाल धड इकडचा ना तिकडचा आला. म्हणून फिश केली, ती पॉझिटिव्ह आली. डोळ्यांना काही दिसत नाही आणि पेशी मात्र बिघडलेल्या, अशा अवस्थेत ते तीन महिने काढणं फार जड गेलं. ऑक्टोबरमध्ये नवी गाठ दिसली आणि या वेळी ती स्नायूत शिरलेली होती. त्यानंतर सिस्प्लॅटिन आणि जेमसिटाबिनची केमो, मग एप्रिल २०२४मध्ये मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया आणि पोटावर लघवीची पिशवी. त्या सहा-सात महिन्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. इथे त्यात शिरत नाही.

जानेवारी २०२५च्या सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसांत लहान गाठी दिसल्या. इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार, सुरू झाली, आणि त्याच भेटीत डॉक्टर म्हणाले, “गाठीची एनजीएस तपासणी आत्ताच पाठवून ठेवू.” एनजीएस म्हणजे गाठीच्या डीएनएमधली अनेक जनुकं एकाच वेळी वाचणारी तपासणी. उपचार सुरू झालेला असताना तपासणी कशाला, असं मी विचारलं. त्यांचं उत्तर मला फार पटलं. हा उपचार चालला नाही तर पुढचं औषध निवडायला तो रिपोर्ट लागेल, आणि त्या क्षणी महिनाभर वाट पाहणं परवडणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी विषय काढला नसेल तर तुम्ही काढा. आजार मूत्राशयाबाहेर पसरला असेल तर एफजीएफआर३ या जनुकाची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तपासणीसाठी बाबांना काही करावं लागणार नव्हतं. लागणार होता ब्लॉक. काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो पॅथॉलॉजी विभागात वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो. मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा थबकले. प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत पांढरं मेण, त्यात तपकिरी-करड्या रंगाचे तीन-चार बारके तुकडे आणि कडेला नंबर. एवढ्याशा गोष्टीने आमच्या घराची सगळी घडी विस्कटली होती.

पहिला प्रश्न आला कुठला ब्लॉक पाठवायचा. २०२४मध्ये काढलेलं मूत्राशय सगळ्यात ताजं, पण केमोनंतर त्यात गाठीच्या पेशी फारच थोड्या उरल्या होत्या. म्हणून ऑक्टोबर २०२३चा ब्लॉक ठरला. तो दुसऱ्या रुग्णालयात होता. तिथे लागलेली कागदपत्रं अशी: तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांचं पत्र, मूळ पॅथॉलॉजी रिपोर्टची प्रत, बाबांचं ओळखपत्र, माझं ओळखपत्र आणि ब्लॉक माझ्याकडे द्यावा असं बाबांच्या सहीचं अधिकारपत्र. शेवटचं कुणी फोनवर सांगितलं नव्हतं, त्यामुळे एक फेरी वाया गेली. जुने ब्लॉक रेकॉर्डच्या वेगळ्या गोदामात असतात, ते मागवायला आठवडा लागला. ब्लॉक घेताना पोच द्यावी-घ्यावी लागते. तिचा फोटो काढून ठेवा. तपासणी झाली की उरलेला ब्लॉक परत मिळतो, तो मागून घ्या आणि जिथला तिथे जमा करा. काही ठिकाणी ब्लॉक देत नाहीत, त्याऐवजी त्यातले पातळ काप बसवलेल्या, न रंगवलेल्या काचा देतात. त्याही चालतात, फक्त किती हव्यात हे प्रयोगशाळेला आधी विचारा. आणि ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, ते मेण आहे.

प्रयोगशाळेच्या संमतिपत्रात एक प्रश्न होता: तपासणीत वंशपरंपरेने आलेला दोष असल्याची शक्यता दिसली, तर ती तुम्हाला कळवायची का? बाबांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हो लिही. तुम्हा दोघांना कळायला हवं.” तुम्ही दोघं म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. तोपर्यंत या तपासणीचा आमच्याशी काही संबंध असू शकतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. त्या रात्री मात्र दुसरं काही सुचलं नाही.

खर्चाचं सांगते. तपासणी रुग्णालयात दाखल न होता झालेली असल्याने आमच्या विम्याने ती नाकारली, आणि रक्कम लहान नव्हती. नमुना पाठवण्याआधी दोन गोष्टी लेखी विचारा: विमा देणार का, आणि नमुना अपुरा निघाला तर पुन्हा पैसे भरावे लागतील का. शेकडो जनुकांची मोठी तपासणी आणि मोजक्या जनुकांची छोटी, यांच्या किमतीत बराच फरक असतो. आपल्याला औषधासाठी नेमकी कोणती जनुकं लागणार हे डॉक्टरांना विचारलं तर कदाचित छोटीवरही भागेल.

दुसरा प्रश्न मी विचारला होता ते बरं झालं, कारण दहा-बारा दिवसांनी फोन आला, नमुना अपुरा. दुर्बिणीतून गाठ काढताना विजेच्या तारेने कापतात, त्यात कडेच्या पेशी भाजतात आणि त्यांचा डीएनए तुटतो. आमच्या ब्लॉकमध्ये भाजलेला भागच जास्त होता. मी पुन्हा पॅथॉलॉजी विभागात गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी वेळ काढून जुन्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या, त्याच शस्त्रक्रियेतल्या चारही ब्लॉकमधून गाठीच्या पेशी सगळ्यात जास्त असलेला निवडला आणि काचेवर पेनाने गोल करून दिला. त्यांचे आभार कसे मानावेत ते कळेना. हे पहिल्याच वेळी करता येतं: ब्लॉक मागतानाच “ज्यात गाठीचं प्रमाण जास्त आणि भाजलेला भाग कमी तो द्या” असं पत्रात लिहून घ्या. अजिबात चांगला ब्लॉक नसेल तर रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या डीएनएची तपासणी हाही मार्ग असतो. पण त्यात काही सापडलं नाही तर दोष नाहीच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्यानंतर तीन आठवडे वाट पाहिली. या काळात मी जे वाचलं त्यातली एक गोष्ट मनात घर करून राहिली. माणसाच्या कॅन्सरमध्ये एका जनुकातली एका अक्षराची चूक पहिल्यांदा नेमकी सापडली ती १९८२मध्ये, आणि ती मूत्राशयाच्याच कॅन्सरच्या पेशींमध्ये. टी२४ नावाच्या त्या पेशी. एचआरएएस जनुकात एका ‘जी’च्या जागी ‘टी’ आला आणि त्यामुळे प्रथिनाच्या १२व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन बसलं. बस, एवढंच. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “म्हणजे आपल्याच आजारापासून हे शिकले.” त्यांच्या आवाजात अभिमानासारखं काहीतरी होतं.

रिपोर्ट मार्चच्या मध्यावर आला. पानंच्या पानं, त्यातली महत्त्वाची पहिली दोन. एफजीएफआर३ एस२४९सी, टीईआरटी प्रोमोटर, सीडीकेएन२ए गळालेलं, केडीएम६ए तुटलेलं, एआरआयडी१ए तुटलेलं. पुढे ‘अर्थ अनिश्चित’ अशा बदलांची यादी. ती यादी पाहून घाबरू नका. असे बदल जवळजवळ प्रत्येकाच्या रिपोर्टमध्ये असतात आणि त्यावर उपचार ठरत नाही.

डॉक्टरांनी एकेक नाव समजावलं. एफजीएफआर३ हा पेशीवरचा वाढीचा संदेश घेणारा भाग. या म्युटेशनमुळे तो बाहेरून संदेश न येताही चालूच राहतो. सौम्य, वरवरच्या गाठींमध्ये हा बदल जास्त आढळतो, आक्रमक गाठींमध्ये त्याहून कमी. बाबांच्यात होता. टीईआरटी जनुकाच्या प्रोमोटरमधला, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या भागातला, बदल सगळ्या प्रकारच्या मूत्राशयाच्या गाठींमध्ये बहुसंख्य रुग्णांत असतो आणि पेशीला न थकता विभागत राहायला मदत करतो. त्यावर आज औषध नाही. केडीएम६ए आणि एआरआयडी१ए ही डीएनए गुंडाळून ठेवण्याच्या व्यवस्थेतली जनुकं. इथे मला थेट २०२३मधलं मिथायलेशन आठवलं. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना हिस्टोन म्हणतात, आणि केडीएम६ए त्यांच्यावरच्या जनुक बंद ठेवणाऱ्या खुणा पुसण्याचं काम करतं. ते तुटलं की पुसणारा हातच जातो आणि चालू असायला हवीत ती जनुकं बंद राहतात. म्हणजे अक्षरातली चूक आणि बंद पडलेली जनुकं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एक दुसरीला जन्म देते. या प्रकारची जनुकं बिघडण्याचं प्रमाण मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये विशेष जास्त असतं, असं २०१४मध्ये आणि मग २०१७मध्ये ४१२ गाठींच्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. “सिगारेटमुळेच ना?” त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडली, पण त्याआधी बरीच वर्षं ओढली होती. डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. म्हणाले, धुरातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत येतात, तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात, त्यामुळे सिगारेट हे या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आहे. पण पुढे हेही सांगितलं की या गाठींमधले पुष्कळसे बदल आपल्याच पेशींमधल्या, विषाणूंशी लढणाऱ्या अपोबेक नावाच्या एन्झाइम्सनी केलेले असतात, आणि बाबांच्या एफजीएफआर३मधला एस२४९सी हा तसाच बदल मानला जातो. नेमकी कोणती चूक कशामुळे झाली याचा हिशोब एका माणसापुरता मांडता येत नाही. बाबांनी मान हलवली. त्यानंतर हा विषय त्यांनी काढलेला नाही.

भावाचा प्रश्न वेगळा होता. “ताई, हे आपल्यातही आलं असेल का?” रिपोर्टमधले बदल गाठीतले होते, आयुष्यात नंतर झालेले. ते मुलांना जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या जाणारा दोष शरीराच्या सगळ्याच पेशींत असतो आणि त्याची खात्री रक्त किंवा लाळ तपासूनच होते. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तसे दोष थोड्याच रुग्णांत सापडतात. लिंच सिंड्रोम या वंशपरंपरेने येणाऱ्या दोषात, विशेषतः एमएसएच२ जनुकात दोष असेल तर, मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. घरात लहान वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेलं कुणी असेल तर जनुकीय समुपदेशकांना नक्की भेटा. आमच्याकडे तसा इतिहास नव्हता, रिपोर्टमध्ये मायक्रोसॅटेलाइटही (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, लिंचमध्ये ते बहुधा अस्थिर होतात) स्थिर होते, तरीही आम्ही एकदा भेटलो. तासाभराच्या त्या बोलण्याने भावाच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि त्याने स्वतःची सिगारेट सोडायचं मनावर घेतलं. अजून पाळतो आहे.

जून २०२५च्या स्कॅनमध्ये फुप्फुसातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. रिपोर्ट फाईलमध्ये तयार होता, त्यामुळे त्याच आठवड्यात एर्डाफिटिनिबचा विचार सुरू झाला. एफजीएफआरला अडवणारी ही गोळी. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी आकडे समोर ठेवले: मोठ्या चाचणीत केमो घेणाऱ्यांमध्ये निम्मे रुग्ण ७.८ महिन्यांहून जास्त जगले, ही गोळी घेणाऱ्यांमध्ये १२.१ महिन्यांहून. बाबांनी आकडे ऐकले, गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारलं.

रोज ८ मिलिग्रॅमने सुरुवात. दोन-तीन आठवड्यांनी रक्तातलं फॉस्फेट बघून मात्रा ९ करायची का ते ठरतं. हे औषध फॉस्फेट वाढवतं, म्हणून आहारातलं फॉस्फेट कमी करावं लागतं आणि गरज पडली तर ते बांधून ठेवणाऱ्या गोळ्या देतात. बाबांचं वाढलं, मात्रा ८वरच ठेवली. डोळ्यांच्या पडद्याखाली पाणी साचू शकतं, त्यामुळे पहिले चार महिने दर महिन्याला डोळ्यांची तपासणी, पुढे दर तीन महिन्यांनी. नजर धूसर झाली तर तारखेची वाट न बघता लगेच कळवायचं. तोंड कोरडं पडणं आणि नखं सैल होणं हे दोन त्रास बाबांना झाले. नखं बारीक कापून ठेवली आणि हातमोजे घातले की थोडं सुसह्य होतं.

सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये दोन गाठी लहान झालेल्या आणि एक होती तेवढीच दिसली. या औषधालाही गाठ कालांतराने दाद देईनाशी होते, बहुधा एफजीएफआर३मध्येच नवा बदल होऊन किंवा दुसरा मार्ग उघडून. तशी वेळ आली तर रक्तातून पुन्हा जनुकीय तपासणी करायची की नवी बायॉप्सी घ्यायची, हे पुढच्या भेटीत विचारायच्या प्रश्नांच्या यादीत मी वरती लिहून ठेवलंय. उरलेला ब्लॉक परत जमा केला आहे, त्याचा नंबर आणि पोच फाईलच्या पहिल्याच पानाला लावलेली आहे.